एलईडी पार आणि १९२चा बोर्ड: हौशी नाट्यसंस्थेने विकत घ्यावा का?

सहा किंवा आठ एलईडी पार (डब्याच्या आकाराचे, रंगीत झोताचे स्टेजचे दिवे), ते चालवणारा एक १९२ चॅनेलचा, म्हणजे १९२ वेगवेगळे आदेश पाठवणारा बोर्ड आणि पोतंभर वायरी. हौशी संस्थेने ‘आता स्वतःचे लाइट घेऊ’ असं ठरवलं की दुकानदार हाच संच पुढे करतो. वरातीच्या डीजेकडे असतो तोच हा माल. बनावट बहुतेक चीनमधली, वर नाव कुणाचंही छापलेलं. त्यामुळे हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नसून या जातीच्या मालाचं आहे, आणि तेही निव्वळ नाटकाच्या अंगाने. राज्य नाट्य स्पर्धेचं दोन अंकी नाटक, एकांकिका स्पर्धा, जत्रेतला मांडव, शाळेचा हॉल अशा ठिकाणी हा संच किती कामाला येतो आणि कुठे मान टाकतो, एवढंच पाहायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. संच घ्यावा. मात्र त्याच्या जोरावर पात्रांचे चेहरे उजळायचे मनसुबे रचू नयेत. आणि जमलेल्या पैशांपैकी निदान तिसरा हिस्सा वायर, कनेक्टर, क्लॅम्प, स्टँड आणि दोन ऊबदार पांढऱ्या दिव्यांसाठी आधीच बाजूला काढून ठेवावा. बहुतेक संस्था नेमकं उलटं करतात. दहा पार घेतात आणि वायर साउंडवाल्याकडून उसनी आणतात.

हा संच घ्यायचं मुख्य कारण म्हणजे विजेचा भार. डालड्याच्या डब्यात बल्ब बसवून केलेले स्पॉट आणि मिठाच्या पाण्यात पत्रा वरखाली करून चालवलेला डिमर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. नंतर हॅलोजनचा पार ६४ आला, त्याचा हिशेब करा. एक दिवा १००० वॉटचा. आठ लावले तर ८००० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ३५ अँपिअर. शाळेच्या हॉलमधल्या बोर्डावर एवढा भार टाकला तर फ्यूज तरी उडेल, नाहीतर भिंतीतली वायर तापेल. ‘५४ बाय ३’चा, म्हणजे प्रत्येकी ३ वॉटचे ५४ एलईडी असलेला पार कागदावर १६२ वॉटचा. आठांचे मिळून १२९६ वॉट, म्हणजे साडेपाच-पावणेसहा अँपिअर. प्रत्यक्षात तो बहुधा त्याहून कमी ओढतो, कारण आतले ३ वॉटचे म्हणवले जाणारे एलईडी पूर्ण ताकदीने चालवलेलेच नसतात. अख्खा संच १६ अँपिअरच्या एका पॉइंटवर निघतो. देवळापुढच्या उत्सवी नाटकाला किंवा जनरेटरवर चालणाऱ्या मांडवाला याचं मोल किती, ते तिथे नाटक करणाऱ्यालाच कळतं.

पण सगळ्यात महागात पडणारी चूकही विजेच्याच जोडणीत होते. नाट्यगृहात वरच्या बॅटनला (दिवे टांगायच्या आडव्या पाइपला) जे सॉकेट असतात, ते बहुधा डिमरमधून आलेले असतात. त्यांत एलईडी पार खोचायचा नाही. डिमर विजेची लाट कापून पुढे पाठवतो. हॅलोजनची तार ते निभावून नेते, एलईडीच्या पोटातल्या पॉवर सप्लायला ते झेपत नाही. दिवा आधी फडफडतो, मग गुणगुणतो आणि कधीतरी सप्लाय जळतो. ‘फेडर पूर्ण वर ठेवा, काही होत नाही’ हा सल्ला हमखास मिळतो, तो ऐकू नये. नाट्यगृहाच्या इलेक्ट्रिशियनकडे ‘डायरेक्ट लाइन’ मागावी आणि १.५ चौरस मिलिमीटरच्या तीन तारी केबलचं एक्स्टेन्शन आपलं आपण न्यावं.

मांडवात तर जोडणीआधी मल्टिमीटर लावल्याशिवाय प्लग हातात घेऊ नये. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास दिसायला हवं, फेज आणि अर्थमध्येही तेवढंच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या आत. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल ढिला असेल, तर आपल्या फेजवरचा दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढू शकतो. मग एक-दोन दिव्यांवर भागत नाही, सगळा संच एका दमात जातो. दिवे सुरू करतानाही दोन-दोन करून सुरू करावेत. या सप्लायचा पहिला झटका मोठा असतो, आठही दिवे एका बटणावर टाकले की एमसीबी पडते.

जाता जाता एक. यातले बरेच पार ९० ते २४० व्होल्टवर चालतात. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांत नाटकं करणाऱ्यांना तोच दिवा प्लग बदलून तिथे वापरता येतो. फक्त दिव्याच्या पाठीवरचा शिक्का आधी वाचून घ्यावा.

आता प्रत्यक्ष दिवा. ५४ एलईडी लाल, हिरवा, निळा आणि पांढरा अशा चार रंगांत वाटलेले असतात. पांढरा नसलेला तीनरंगी पार स्वस्तात मिळतो, नाटकासाठी तो नकोच. तीन रंग मिसळून होणाऱ्या पांढऱ्यात कातडी राखाडी दिसते आणि रंगभूषेच्या पिवळट बेसवर हिरवी झाक येते. चौथा पांढराही बहुधा थंड, निळसर असतो. ऊबदार पांढरा असलेला नग मिळत असेल तर थोडे जास्त मोजून तोच घ्यावा.

भिंगाचा कोन दुकानात कुणी विचारत नाही, पण नाटकात सगळा फरक तिथे पडतो. २५ अंशांचा पार डीजेसाठी असतो, धुरात झोत उठून दिसावा म्हणून. चौदा फुटांवर त्याचं वर्तुळ जेमतेम सहा फुटांचं पडतं. ४५ अंशांचा पार त्याच अंतरावर साडेअकरा फूट व्यापतो. समजा रंगमंच २४ फूट रुंद आहे आणि मागच्या बॅटनवर चार बॅक लाइट टांगले आहेत. २५ अंशांचे असतील तर पात्र डावीकडून उजवीकडे चालताना उजेड-सावली, उजेड-सावली असे पट्टे लागतात. ४५ अंशांचे असतील तर वर्तुळं एकमेकांवर चढतात आणि उजेड सलग मिळतो. तेव्हा ४५चाच मागावा. दुकानदार ‘याने लांब जात नाही’ म्हणेल. आपल्याला लांब जायचंही नाही.

दुसरं म्हणजे ‘चार-इन-वन’ एलईडी आणि सुटे एलईडी यांतला फरक. ५४ बाय ३मध्ये प्रत्येक रंगाचा मणी वेगळा असतो, त्यामुळे जवळ धरलेल्या वस्तूची सावली रंगीत पडते. हात वर केला की मागच्या फ्लॅटवर (नेपथ्याच्या भिंतीवर) लाल, हिरवी, निळी अशी तीन बोटं उमटतात. पौराणिक नाटकात खपून जाईल, कौटुंबिक नाटकात प्रेक्षक हसतात. १८ बाय १० वॉटच्या आसपासच्या पारमध्ये बहुधा एकाच मण्यात चारही रंग असतात, तिथे हा त्रास जवळजवळ नाही. ५४ बाय ३ आधीच घेऊन ठेवला असेल तर तोंडावर फ्रॉस्ट शीट (उजेड पसरवणारं दुधी प्लास्टिक) लावावी. तीही नसेल तर बटर पेपरचा एक थर चालतो, कारण एलईडीच्या झोतात तापण्यासारखं फारसं काही नसतं. उजेड थोडा उतरतो, कडा मऊ होतात. हाच उद्योग हॅलोजनवर करू नये, कागद पेटतो.

पंख्याचा आवाज दुकानाच्या गोंगाटात कळत नाही. आठ पारचे आठ पंखे पहिल्या विंगेच्या मागे लागले की शांत प्रसंगात तिसऱ्या रांगेपर्यंत घरघर ऐकू जाते. मोबाइल कानाशी धरावा तसा दिवा कानाशी धरून बघावा. बिनपंख्याचा, ओतीव अॅल्युमिनियमच्या अंगाचा पार जड असतो, थोडा महागही, पण नाटकाला तोच बरा. पत्र्याच्या पारचे दुहेरी पाय चांगले, दिवा जमिनीवर तिरका उभा राहतो. त्यांचे नॉब मात्र दर प्रयोगाला ढिले होतात. नॉबखाली स्प्रिंग वॉशर घातला की तक्रार मिटते.

रंगांच्या बाबतीत पहिल्या दिवशी सगळेच वाहवतात. रात्रीचा प्रवेश आला की निळा २५५वर (फेडरच्या सर्वोच्च आकड्यावर) नेतात आणि पात्रं दिसेनाशी होतात. शुद्ध निळ्यात कुंकू काळं पडतं, लाल काठ काळा पडतो आणि प्रेक्षकाच्या डोळ्याला नीट नेमच धरता येत नाही. रात्रीसाठी बॅक लाइटला निळा १००-१२०, पांढरा १०-१५ इथून सुरुवात करावी आणि चेहऱ्यापुरता एका बाजूने अगदी मंद ऊबदार उजेड ठेवावा. कंदिलाच्या उजेडासाठी लाल २५५, हिरवा ९० ते ११०, निळा पूर्ण बंद, पांढरा ३०-४०. संध्याकाळीला हिरवा आणखी उतरवायचा, ७०पर्यंत. हे आकडे फक्त सुरुवातीपुरते, कारण दोन बॅचमधला हिरवा कधीच सारखा नसतो. शेजारी शेजारी टांगलेल्या दोन दिव्यांत एक केशरी आणि एक लिंबासारखा दिसला तर बोर्डाला दोष देऊ नये. सगळे नग एकाच खोक्यातून, एकाच वेळी घ्यावेत ते याचसाठी. मागच्या पांढऱ्या पडद्यावर हे पार उत्तम काम करतात, बहुधा त्यांचं सगळ्यात चांगलं काम हेच. पडद्यापासून सहा-आठ फुटांवर खाली ठेवून वर झोत टाकला की आकाश मिळतं. तीन फुटांवर ठेवले तर आकाशाऐवजी पडद्यावर चार रंगीत पंखे दिसतात.

या मालाची खरी दुखरी जागा म्हणजे मंद होणं. हॅलोजन विझताना तांबूस होत होत जातो, तार थंड व्हायला वेळ घेते आणि त्या वेळेत प्रसंगाचा श्वास संपतो. स्वस्त एलईडी १०० टक्क्यांवरून १५पर्यंत बरा उतरतो. त्यानंतर पायऱ्या दिसायला लागतात आणि शेवटच्या पायरीवरून तो टपकन विझतो. एका चॅनेलला शून्य ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात आणि डोळ्याला त्यांतल्या तळच्याच जास्त जाणवतात. शिवाय चार रंग वेगवेगळ्या ठिकाणी विझतात, त्यामुळे केशरी संध्याकाळ जाता जाता एक क्षण लालभडक होते. करुण प्रसंगाच्या अखेरच्या फेड आउटला हे फार वाईट दिसतं. यावर दोन उपाय चालतात. फेडमध्ये एलईडी आधी काढून घ्यायचे आणि शेवटचा उजेड नाट्यगृहाच्या हॅलोजन स्पॉटवर सोडायचा. किंवा त्या प्रवेशात एकच रंग लावलेला एखादा पार शेवटपर्यंत ठेवायचा, म्हणजे निदान रंग फुटत नाही. ज्या नाटकात सहा-सात लांब फेड आहेत, त्याला नुसत्या या संचावर उभं करू नये.

प्रयोगाचं चित्रीकरण होणार असेल तर आणखी एक तपासणी. एलईडी मंद करणं म्हणजे तो फार भराभर चालू-बंद करणं. स्वस्त मालात हा वेग कमी असतो, डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. चित्रात काळे आडवे पट्टे सरकतात. मोबाइल स्लो मोशनवर लावून दिवा ३० टक्क्यांवर बघावा. लुकलुकताना दिसला तर रेकॉर्डिंगचं काम अवघड आहे असं समजावं.

चेहऱ्यासाठी काय, तर ऊबदार पांढरा सीओबी. मधोमध एकच मोठा पिवळट ठिपका असलेला दिवा, १०० किंवा २०० वॉटचा, ३२०० केल्विनचा, बार्न डोअर (झोत अडवायच्या पत्र्याच्या झडपा) लावता येईल असा. सावली एकच आणि स्वच्छ पडते, रंगभूषा रंगभूषेसारखी दिसते. असे दोन दिवे समोरून, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांवर, डोक्याच्या बऱ्याच वर उंचीवर लावले की लहान हॉलमधलं नाटक निभतं. नाट्यगृहात चांगले पीसी किंवा फ्रेनेल (भिंगाचे स्पॉट) असतील तर हेही नकोत, समोरचं काम त्यांच्याकडेच सोपवावं आणि आपले पार मागे व बाजूला लावावेत. आठ पार घ्यायचं बजेट असेल तर सहा पार आणि दोन सीओबी घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१९२चा बोर्ड बघायला भारदस्त असतो. बारा दिव्यांची बटणं, प्रत्येकाला १६ चॅनेल, म्हणून १९२. फेडर आठच, ‘पेज’ बटणाने त्यांचंच दुसरं अष्टक मिळतं. ३० बँका, प्रत्येकीत ८ सीन, एकूण २४० सीन (साठवलेल्या प्रकाशरचना), शिवाय ६ चेस (आपोआप एकामागून एक येणारे सीन). अॅड्रेस (दिव्याचा पहिला चॅनेल कितवा, तो आकडा) १६च्या उड्यांनी जातात: १, १७, ३३, ४९, ६५, ८१, ९७, ११३, १२९, १४५, १६१, १७७. पार आठ चॅनेलच्या मोडमध्ये असेल तर एका बटणावर दोन दिवे बसतात, एक १वर आणि दुसरा ९वर. पहिला पेज एवर, दुसरा पेज बीवर. या युक्तीने बारा बटणांत चोवीस दिवे येतात. मात्र चालू प्रयोगात पेज बदलायला विसरलं की भलताच दिवा पेटतो, त्यामुळे गरज नसेल तर एका बटणाला एकच दिवा ठेवावा.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे चॅनेलचा क्रम लिहून काढणं. एका बॅचमध्ये पहिला चॅनेल मास्टर डिमर, मग लाल, हिरवा, निळा, पांढरा, नंतर स्ट्रोब (लुकलुक) वगैरे असतात. दुसऱ्यात थेट लालपासून सुरुवात आणि डिमर शेवटी. दोन्ही एकत्र लावले तर एका फेडरवर एक दिवा मंद होतो आणि शेजारचा लाल होतो. दिव्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर मेनू दाबत गेलं की अॅड्रेस दिसतो, बहुधा ए००१ किंवा डी००१ असा. ऑटो किंवा साउंड मोडवर राहिलेला पार प्रयोगात पार्श्वसंगीतावर नाचायला लागतो, हे एकदा तरी प्रत्येक स्पर्धेत घडतं. पांढरी पट्टी चिकटवून त्यावर मार्करने अॅड्रेस लिहावा, पडद्यावरचा आकडा दहा फुटांवरून वाचता येत नाही.

सीन साठवायचा तर ‘प्रोग्राम’ बटण तीन सेकंद दाबून धरायचं, बाजूचा लाल ठिपका लुकलुकू लागला की दिवे निवडायचे, फेडर लावायचे, रेकॉर्डचं बटण दाबून मग सीनचं बटण. सगळे ठिपके एकदम चमकले की सीन बसला. बोर्ड चालू करताच ब्लॅकआउट लागलेला असतो, नवखा ऑपरेटर यात दहा मिनिटं घालवतो आणि वायरी उपसत बसतो. आधी ते बटण बघावं.

इथवर ठीक. पण नाटकाला हवा तो फेड या बोर्डावर सुखाने मिळत नाही. सीनवरून सीनवर गेलं की बहुतेक बोर्डांवर दिवे टचकन बदलतात, फेडची सरकपट्टी मुख्यतः चेससाठी आहे. त्यातल्या त्यात एक मार्ग बरा पडतो. प्रत्येक सीनमध्ये मास्टर डिमर पूर्ण २५५वर ठेवायचा आणि कमी-जास्त जे करायचं ते रंगांत करायचं. मग फेड आउटच्या वेळी सगळे दिवे निवडून, डिमरचा फेडर आधीच टोकाला नेऊन ठेवून, हाताने सावकाश खाली आणायचा. फेडर मधेच कुठेतरी असताना हलवला तर उजेड उडी मारतो. तालमीत याचा हात बसवावा लागतो, आणि बसतोही.

संस्थेत कॉम्प्युटर सांभाळणारं कुणी असेल तर बोर्डाऐवजी लॅपटॉप आणि यूएसबी-डीएमएक्स डाँगल (लॅपटॉपचे आदेश डीएमएक्समध्ये, म्हणजे दिव्यांच्या भाषेत, पाठवणारा जोड) हा मार्ग नाटकाला जास्त सोयीचा. ‘क्यूएलसी प्लस’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात क्यू लिस्ट (प्रकाशबदलांची क्रमवार यादी) बनवता येते, प्रत्येक क्यूला सेकंदांत फेड इन, फेड आउट देता येतो आणि प्रयोगात फक्त पुढचं बटण दाबायचं उरतं. लॅपटॉपचा स्लीप, अपडेट आणि वायफाय बंद करावं, चार्जर लावलेला ठेवावा. स्वस्त डाँगलमध्ये विजेचा अडसर नसतो, मांडवातल्या बिघडलेल्या अर्थिंगचा झटका थेट लॅपटॉपपर्यंत येऊ शकतो. मधे आयसोलेटेड स्प्लिटर (विजेचा थेट संबंध तोडून फक्त सिग्नल पुढे पाठवणारा डबा) टाकला की हा धोका बराच टळतो. १९२चा बोर्ड सोबत असावाच, मुख्य दहा सीन त्यात भरून.

वायर हा या संचातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. तीन पिनी एक्सएलआर दिसायला माइकच्या वायरसारखी, म्हणून माइकचीच लावली जाते. चार दिवे आणि दहा मीटरपर्यंत चालून जाते. प्रेक्षागृहाच्या मागून रंगमंचापर्यंत ३० मीटर गेलं की शेवटचे दिवे मधूनच दचकतात. डीएमएक्ससाठी ११०-१२० ओहमची वेगळी केबल मिळते, निदान लांब तुकडा तरी तिचाच असावा. जोडणी साखळीसारखी, एका दिव्यातून दुसऱ्यात. वाय कनेक्टरने फाटे फोडायचे नाहीत. एका साखळीत जास्तीत जास्त ३२ दिवे. शेवटच्या दिव्याच्या आउटमध्ये टर्मिनेटर लावावा: मोकळा एक्सएलआर मेल कनेक्टर घ्यायचा, पिन २ आणि ३मध्ये १२० ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर डाखायचा, झालं. दिवे कारण नसताना फडफडणं बऱ्याचदा एवढ्याने थांबतं. पिन १ शील्ड, २ डेटा उणे, ३ डेटा अधिक. दुकानात तयार मिळणाऱ्या वायरींत २ आणि ३ उलटे डाखलेले सापडतात, म्हणून प्रत्येक वायर मल्टिमीटरवर तपासूनच पेटीत टाकावी. दोन मीटरचे, पाच मीटरचे आणि एक ३० मीटरचा असे तुकडे पुरतात. प्रत्येक लांबीचा एक जादा. बिनतारी डीएमएक्सचे डबे तालमीत झकास चालतात, पण भरल्या प्रेक्षागृहात तीनशे मोबाइल २.४ गिगाहर्ट्झवर बोलत असताना त्यांच्यावर अख्खा प्रयोग सोडू नये.

खरेदी शक्यतो समोर उभं राहून करावी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाजवळचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. जाताना स्वतःचा बोर्ड किंवा डाँगल, एक वायर, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि काळं कापड न्यावं. प्रत्येक नगावर आधी एकेक रंग पूर्ण लावून मणी मोजावेत, मेलेला मणी लगेच दिसतो. मग चारही रंग ५वर नेऊन बघावं, कुठला रंग आधी विझतो ते कळतं. काळ्या कापडाने डोकं झाकून दिव्याचा पंखा ऐकावा. मागची पिन हलवून बघावी, ढिली असली तर आतला डाख कच्चा आहे. पूर्ण उजेडावर दहा मिनिटं ठेवून पाठ हाताला किती तापते तेही बघावं. दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे. बिलावर नगांची संख्या आणि बदलून देण्याची मुदत लिहून घ्यावी. संस्थेच्या हिशेब तपासनिसालाही ते लागतं. सुटे पॉवर सप्लाय मिळतात का, हा प्रश्न तिथेच विचारावा. पारमध्ये पहिल्यांदा जातो तो सप्लायच, आणि तो मिळाला तर अर्ध्या तासात बदलता येतो.

क्लॅम्प दीड इंची जीआय पाइपला बसतील असे घ्यावेत, त्या पाइपचा बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटर भरतो आणि नाट्यगृहातले बॅटनही साधारण त्याच मापाचे. प्रत्येक टांगलेल्या दिव्याला सेफ्टी चेन किंवा वायर दोरी हवीच. पात्रांच्या डोक्यावर अडीच किलोचा धातू लोंबतोय, याची आठवण क्लॅम्प आवळणाऱ्याला राहिली पाहिजे. स्टँडच्या पायावर वाळूच्या पिशव्या टाकाव्यात, रात्री विंगेतून धावत एन्ट्री घेणारं पात्र स्टँडला अडखळतंच.

स्पर्धेत हा संच न्यायचा तर आधी नियम वाचावेत. जादा प्रकाशसाहित्याला परवानगी आहे का, त्याला लाइन वेगळी मिळेल का, आणि मांडामांडीच्या वेळात ते बसतं का. १९६३पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकात भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर आहे, तिथे बारा पारची रांग नेऊन काही हाती लागत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत प्रकाशयोजनेला बक्षीस आहे खरं, पण परीक्षक दिव्यांची संख्या मोजत नाहीत. प्रवेश संपला तरी निळाच राहिलेला पडदा मात्र त्यांना दिसतो. एकांकिकेला मोजकी मिनिटं मिळतात, त्यामुळे चारपेक्षा जास्त पार नेऊच नयेत: दोन मागे, दोन बाजूला. वायर क्लॅम्पसकट दिव्याला आधीच बांधलेली, अॅड्रेस लावलेले, सीन भरलेले. दोघांनी टांगायचं, एकाने वायर ओढायची, चौथ्याने बोर्डावर बसून एकेक दिवा हाक मारून तपासायचा. लाल, हिरवा, निळा, पांढरा, पुढचा. क्यूंची यादी कागदावर मोठ्या अक्षरांत असावी, बोर्डाची स्मृती दगा देते तेव्हा कागदच कामाला येतो.

विकत घ्यायचं की भाड्याने आणायचं, हे वर्षाला प्रयोग किती यावर ठरतं. संचाची पूर्ण किंमत, वायर-स्टँडसकट, एका प्रयोगाच्या लाइटच्या भाड्याने भागावी. येणारा आकडा दोन वर्षांतल्या प्रयोगांपेक्षा लहान असेल तर खुशाल घ्यावा. भाड्याच्या लाइटबरोबर माणूस येतो, स्वतःच्या लाइटबरोबर येत नाही, हेही हिशेबात धरायला हवं. तालमीत मिळणारा फायदा मात्र कुठल्याच भागाकारात बसत नाही. प्रकाशयोजनाकाराला रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा दिवा दिसण्याऐवजी महिनाभर आधीपासून पात्रांच्या हालचालींबरोबर काम करता येतं. नटांनाही उजेडात उभं राहायची सवय होते.

निगा फार नाही, पण नेमाने हवी. दोन-तीन प्रयोगांनंतर पंख्यावरची धूळ मऊ ब्रशने काढावी आणि ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. भिंग कोरड्या मऊ कापडानेच पुसावं, थिनर लावला की प्लास्टिक पांढरं पडतं. वायर कोपरावर गुंडाळू नये, सैल वेटोळं करून वेलक्रोने बांधावी. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याआधी कनेक्टरच्या पिनांना कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकण बंद करावं. तरीही जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा सगळे दिवे बाहेर काढून अर्धा तास पूर्ण उजेडावर ठेवावेत. आतली ओल त्या उष्णतेने सुकते आणि गणपतीतल्या पहिल्या प्रयोगाला कुठला सप्लाय गेला आहे ते आधीच कळतं.